राजाची दुसरी सीडी

आई धारवाडची. लग्न होऊन पुण्याला आली आणि सासरच्यांनी तिच्या कानडी हेलाची इतकी टर उडवली, की तिने कन्नड जवळजवळ गिळूनच टाकलं. आम्हा मुलांना एक शब्दही शिकवला नाही.

सिंगापूरमधल्या चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटवर ती पहिल्यांदा राहायला आली, तेव्हा मी लिटिल इंडियातून तिच्यासाठी एक जुना कन्नड सिनेमा आणला. कुठल्याशा प्राचीन राजाचा, दोन सीडींचा. लग्नाआधी तिने तो वडिलांबरोबर पाहिला होता. नावं सुरू झाली तशी ती सोफ्यावरून उठली आणि टीव्हीपुढे जमिनीवरच बसली. रिमोटही तिनेच घेतला. राजा एक वाक्य बोलला की ती सिनेमा थांबवायची आणि मला मराठीत सांगायची.

"अगं, थोडक्यात सांग ना," मी वैतागलो.

"राजा कुठे थोडक्यात बोलतोय?" ती म्हणाली.

पहिली सीडी संपली तेव्हा राजा राज्य गमावून रानात उभा होता. दुसरी लावली, तर भलताच तमिळ सिनेमा! दुकानदाराने डबीत चुकीची सीडी भरली होती.

"बदलून आणशील? दरबारातलं त्याचं शेवटचं बोलणं तुला सांगायचंय. माझ्या वडिलांना ते पाठ होतं."

"आणतो की, पुढच्या रविवारी."

पुढचे चार रविवार मी लिटिल इंडियात गेलो. पीठ आणलं, कढीपत्ता आणला, मिठाईसुद्धा आणली. सीडीचं दुकान दोन गल्ल्या पुढे होतं आणि मला उन्हाचा कंटाळा यायचा. खोटं कशाला बोलू, तिच्या त्या थांबवून थांबवून सांगण्याचाही आला होता. आईने दोनदा आठवण करून दिली, मग सोडून दिलं. व्हिजिट पास संपला. विमानतळावर म्हणाली, "राजाचं पुढच्या वेळी बघू हं."

तीन महिन्यांनी पुण्यात ती झोपेतच गेली.

तिचे दिवस करून परतलो आणि पहिल्याच रविवारी त्या दुकानात गेलो. दुकानदाराने एका मिनिटात सीडी बदलून दिली, वर सॉरी म्हणाला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. भर रस्त्यात स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

दुपारी सीडी लावली. माझी सात वर्षांची मुलगी शेजारी येऊन बसली. शेवटी दरबार भरला, राजा सिंहासनावरून उठला आणि बराच वेळ बोलला. मला काही कळलं नाही. हात मात्र आपोआप रिमोटकडे गेला आणि मी सिनेमा थांबवला.

"व्हॉट डिड ही से, बाबा?"

"थांब, आजीला विचारू," मी म्हणून गेलो.

"बट आजी नॉट हिअर लाह," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत हळूच म्हणाली.

मग मला रडू आवरेना.