करपा टमाट्यांवर, बोट माझ्या पाळीवर

मैत्रिणींनो, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

देऊळघाटला आमच्या बचत गटाच्या जागेत प्रत्येकीला भाजीचे दोन वाफे आहेत. पंधरा दिवस ऊन नाही, सारखी झिमझिम. माझ्या टमाट्यांवर करपा आला. पानं काळी पडली, हिरवी फळं सडून गळाली.

आज झाडं उपटत होते, तर शेजारच्या वाफ्याच्या काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काऊन वं, पाळीत हात लावला असशील झाडाले. मंग करपा येईन नाही तं काय?"

मी म्हटलं, "काकू, टमाटे तं तुमचे बी गेले. तुमची पाळी बंद होऊन किती वर्षं झाले?"

त्यावर काकू म्हणाल्या, "तुह्याच वाफ्यातून आला असंन मग." बाकीच्या बायांनी माना डोलावल्या.

याच बाया आणि मी सोयाबीन निंदायला मजुरीने सोबत जातो. पाळीचे चारही दिवस जातो. शेतमालकाने आजवर एकीलाही विचारलं नाही.

सांगा बरं, दुसऱ्याच्या शेतात चालणारा हात आपल्याच दोन वाफ्यांत कसा विटाळतो?