उजव्या पायाचे गिअर

हिंदुराव,

तुम्ही जयपूर सोडून गारगोटीला गेलात, त्याला दोन वर्षं होतील. खुशाली फोनवर कळते, तीच पत्रात पुन्हा विचारायची मला हौस नाही. परवा म्हणालात, नात शर्वरी सारखी विचारते की आजोबांनी ती गाडी कशी उभी केली. तुम्ही सांगायला बसलात की कार्बोरेटरपाशीच अडकता, आणि पोर झोपी जाते. म्हणून मीच लिहून काढलं. तिला वाचून दाखवा. त्यात मी रमाबाई म्हणून येते. गोष्ट तुमची आहे, माझं ‘मी मी’ तिला कशाला?

हिंदुराव सैन्यात गाड्या दुरुस्त करायचे. शेवटची बदली जयपूरला झाली. मुरलीपुऱ्यात घर बांधलं आणि ते इथंच राहिले. पुढे मणक्याचं ऑपरेशन झालं. पाठ सुधारली, पण डावं पाऊल रुसून बसलं. खाली दाब म्हटलं की दाबायचं, वर उचल म्हटलं की ढिम्म. चप्पल रस्त्यात राहायची आणि माणूस पुढे जायचा.

आता आजकालच्या मोटारसायकलींचे गिअर डाव्या पायात असतात, आणि ते बोटांनी वर उचलावे लागतात. निलयने, म्हणजे मुलाने, बापाची गाडी विकून टाकली. विचारलंसुद्धा नाही.

“बाबा, मतलब, रिस्क कशाला? मी सोडतो ना तुम्हाला.”

सोडणार कधी? सकाळी आठला बाहेर पडलेला मुलगा दिवेलागणीला घरी यायचा. सिटी बसच्या पायरीला पाऊल अडकलं की मागून लोक ओरडायचे, “ताऊजी, जल्दी करो!” रुतलेले ट्रक चिखलातून बाहेर काढलेल्या माणसाला हे ऐकावं लागे. हिंदुरावांनी बाहेर जाणंच बंद केलं. गच्चीवर बसून सीकर रोडवरच्या गाड्यांचे आवाज ऐकायचे, आणि कुणाची चेन सैल आहे ते बसल्या जागी सांगायचे. ऐकायला कुणी नसलं तरी सांगायचे.

२००४ च्या गणपतीत मराठी मंडळात रमाबाई भेटल्या. त्यांचे यजमान उमाकांत विमा कंपनीत अधिकारी होते, त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. रमाबाई मालवीय नगरात एकट्या राहत.

“सोमवारी भंगारवाल्याला बोलावलंय,” त्या कुणाला तरी सांगत होत्या. “ह्यांची चौसष्ट सालची बुलेट गॅरेज अडवून बसलीय. मला तिथं झोपाळा टांगायचाय.”

हिंदुरावांनी हातातला मोदक ताटलीत ठेवला. “वहिनी, तिचं गिअर कुठल्या पायात?”

“असतील कुठल्यातरी. मी मागं बसत होते, गिअर टाकायला नव्हते बसत.”

“आठवा की जरा.”

रमाबाईंनी डोळे मिटले. मागच्या सीटवरून खाली पाहिलं की काय दिसायचं? यजमानांचा बूट. “उजव्या,” त्या म्हणाल्या. “ह्यांचा उजवाच बूट आधी फाटायचा.”

जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्यात. डाव्या पायाला फक्त दाबायचं काम.

“सोमवारी भंगारवाला न्हाई येनार,” हिंदुराव म्हणाले. “मी येनार.”

आले. दोन बस बदलून, चप्पल सुतळीने पायाला बांधून. गाडीवर घातलेली सांगानेरी छापाची चादर त्यांनी ओढून काढली. उंदरांनी ती कुरतडली होती, उरलेली ऑइलने काळी झाली होती.

“ही गेली, वहिनी.”

“आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वर्षाची होती.”

हिंदुराव ओशाळले, जणू त्यांनीच कुरतडली. “गाडी चालू झाली की पहिली फेरी सांगानेर. चादर माज्याकडनं.”

“तुम्ही निवडाल तर मिलिटरी हिरवी आणाल. मी येईन मागे बसून. मी निवडीन.”

ठरलं. मग तीन महिने हिंदुराव पाटावर बसून गाडी खोलत होते. टाकीत रॉकेल आणि खडी घालून ती खुळखुळ्यासारखी हलवली, तेव्हा आतला गंज निघाला. क्लचच्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या सोडवल्या. एक बुश, म्हणजे आतली छोटी धातूची नळी, बाजारात मिळेना, तो मुरलीपुऱ्याच्या मुरलीधरजींनी लेथवर करून दिला. झालान्याच्या आरटीओत कागदांसाठी रमाबाई स्वतः रांगेत उभ्या राहिल्या.

डिसेंबरात गाडी जोडून झाली. हिंदुराव घाईघाईने किक मारत सुटले. अकरा झाल्या, बारावी झाली.

“आधी दिव्यावरचा काटा मध्ये आणा,” दारातून रमाबाई म्हणाल्या.

“मला शिकवताय व्हय?”

“आमचे हे असंच करायचे. किक हळू दाबायची, काटा मध्ये आला की मग जोरात.”

हिंदुरावांना माहीत होतं, घाईत सुटलं होतं. काटा मध्ये आणला, एक किक मारली आणि गॅरेजची पत्र्याची दारं थरथरली. रमाबाई आत गेल्या. बऱ्याच वेळाने चहा घेऊन आल्या.

पण निलयची अट होती: गाडी आधी तो चालवून बघणार, मगच बाबा. रविवारी तो आला. हिंदुरावांनी तीनदा बजावलं, “ब्रेक डावीकडं.” निलय म्हणाला, “समझ गया, बाबा.” डोक्याला समजलं होतं, पायांना नाही. गल्लीच्या टोकाला गाय आडवी आली. निलयने सवयीने उजवा पाय दाबला. ब्रेक लागला नाही, पुढचा गिअर पडला. गाडी हिसका देऊन पुढे धावली आणि शेजाऱ्यांच्या बांधकामाच्या वाळूत घुसली. गाय निघून गेली.

निलय वाळू झटकत आला. “विकून टाका ही. मला जमली नाही, तुम्हाला काय जमणार?”

“तुला जमंना, म्हनून तर मला जमंल,” हिंदुराव म्हणाले. पण मुलाने नाही म्हटलं, की पुन्हा गच्ची.

“निलय, बाजूला हो,” रमाबाई म्हणाल्या. “तुझ्यापेक्षा ती वाळू शहाणी, वेळेवर थांबवलं तिनं. गाडी माझी आहे. किल्ली मी ठरवीन त्याला.”

त्यांनी किल्ली हिंदुरावांच्या हातात ठेवली.

हिंदुराव झालान्याच्या जंगलापर्यंत जाऊन आले. फाटकापाशी डावं पाऊल नुसतं दाबलं, आणि गाडी रमाबाईंच्या तुळशीपासून हातभर अंतरावर उभी राहिली.  निलयने पुढे होऊन बापाच्या चपलेची सुटलेली सुतळी बांधली.

“घेऊन जा मुरलीपुऱ्याला,” रमाबाई म्हणाल्या. “माझं गॅरेज मोकळं करा.”

त्यानंतर अडीच वर्षं हिंदुराव कुठे गेले नाहीत ते विचारा. आमेर, बगरू, एकदा तर पुष्कर. गुरुवारी मात्र मालवीय नगरच्या फाटकाशी हॉर्न वाजायचा. “चला वहिनी, सांगानेर!” रमाबाईंचं उत्तर तयार असायचं: आज ऊन आहे. आज नळाला पाणी यायचंय. एकदा रमाबाई बाहेर आल्या, पदर खोचला, मागच्या सीटवर हात टेकून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, गॅसवर दूध आहे, आणि आत गेल्या. हिंदुरावांनी इंजिन बंद केलं, थोडा वेळ थांबले. 

मग निलयची बदली कोल्हापूरला झाली. गाडी रेल्वेने गेली आणि पाठोपाठ तुम्ही कोल्हापूरजवळच्या गारगोटीला गेलात.

झोपाळा टांगला. सांगानेर इथून वीस मिनिटांवर आहे, रिक्षा दारात मिळते. चादर अजून घेतलेली नाही.