मोतिया रंगाची साडी

गेल्या हिवाळ्यात दिराच्या मुलीच्या लग्नाला आम्ही अमरावतीहून अकोल्याला गेलो. माझी पाळी बंद होऊन वर्ष झालं होतं. अमरावतीच्या राजापेठेतल्या दुकानातून मी मुद्दाम मोतिया रंगाची साडी घेतली होती. डाग पडेल या धास्तीने असा रंग मी आजवर अंगाला लावलाच नव्हता.

लग्नात एकाएकी अंगातून वाफ निघाल्यासारखं झालं, म्हणून मी पंख्यासमोर जाऊन बसले. थोरल्या जाऊबाई जवळ आल्या आणि कीव केल्यासारख्या म्हणाल्या, "तुहीबी पाळी गेली नं? आता काय राहिलं व बाई आपल्यात?"

माझं डोकंच फिरलं. घरात पूजा असो की लग्न, याच जाऊबाई आधी माझी तारीख विचारायच्या आणि पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यायला लावायच्या. त्या गोळ्यांनी मला उलट्या व्हायच्या, तेव्हा कोणाला कीव आली नव्हती.

"गेली ते बरंच झालं," मी म्हटलं. "मले तर मोकळं वाटून राहिलं. उठल्यावर मागं वळून साडी पाहा लागत नाही."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "मलेबी तसंच वाटलं होतं. पण असं चारचौघीत बोलाचं कसं?"

मी आणखीच चिडले. "मंग तुमी मले तवाच काहून नाही सांगतलं? पाळी जाताना मी उगाच भेऊन राहिली होती."

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "बरं, आता इचार," त्या म्हणाल्या.