कुरुळी ते नामिबिया

फिरून आलेले लोक फोटो दाखवतात. आमच्याकडे फोटो नाहीत, कारण आम्ही अजून गेलोच नाही! पण नुसतं जायचं ठरवण्यात इतके रविवार गेले, की किस्से मात्र ढिगाने साठले. कँटीनमध्ये कुणी ना कुणी विचारतंच, "काय राव, वाळवंटाचं कुठवर आलं?" मग सांगत बसावं लागतं.

मंडळी चारच. नाना मूळचे कुरुळीचे, आमच्या कंपनीत मेंटेनन्सला. त्यांचा भाचा शिरीष हिंजवडीत आयटीत. गावडे डिस्पॅचला, कुडाळचा. आणि मी क्वालिटीवाला. नानांच्या शेडमध्ये त्यांची जुनी जीप असते. ती बोटीने आफ्रिकेत न्यायची आणि नामिबियाचं वाळवंट पार करायचं, हा बेत नानांचा.

*

नामिबियाच का, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. शिरीष हिंजवडीहून निघाला तो मोशीच्या ट्रॅफिकमध्ये असा अडकला, की आमचा दुसरा चहा झाला तरी पत्ता नाही. आला तो वैतागलेलाच.

"मामा, जगात असा एक तरी देश असेल का, जिथे आपल्यापुढे गाडीच नसते?"

नानांनी मोबाइल त्याच्यापुढे धरला. नजर पोचेल तिथवर सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंना वाळू.

"हाय. बघ की. म्हशी सुदिक न्हाईत!"

*

गाडीची तपासणी करतो तशी माणसांचीही करू, असं शिरीषचं म्हणणं. विम्यालाही लागेल म्हणाला. चौघे उपाशीपोटी लॅबमध्ये रक्त देऊन आलो आणि मिसळ हाणली.

गावडेची साखर वाढलेली, माझं कोलेस्टेरॉल. ते हसण्यावारी नेलं. नानांच्या रिपोर्टसाठी मात्र लॅबवाल्याने स्वतः फोन केला. दोन्ही किडन्या जवळपास निकामी.

त्या रविवारी नाना फडक्याने बॉनेट पुसत होते. आमच्याकडे न बघताच म्हणाले, "गाडी पास झाली. मालक रिजेक्ट!"

रिजेक्ट मालाला लाल टॅग लावणं हे माझं रोजचं काम आहे. तो शब्द इतका वाईट आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

*

डायलिसिस सुरू झालं. बेत बंद करायचा विषय काढला की नाना खेकसायचे, त्यामुळे बैठका चालूच राहिल्या. एकदा पाण्याचा विषय निघाला.

गावडे कोकणातला माणूस. "पाण्यात काटकसर नको," म्हणाला, "माणशी भरपूर धरा, रेडिएटरचं वेगळं!" शिरीष म्हणाला, वजन वाढेल. दोघांची चांगलीच जुंपली.

नानांना डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं. त्यांच्या पत्नी मंदावहिनी सकाळीच एक छोटी बाटली भरून ठेवायच्या, तीच दिवसभर पुरवायची. त्यातला घोट तोंडात घोळवत नाना शांतपणे भांडण ऐकत होते.

"माझं कमीच धरा," ते म्हणाले, "माझी प्रॅक्टिस चालू हाय!"

गावडे उठून शेडबाहेर गेला, तो बराच वेळ आत आलाच नाही.

*

आमच्या रस्त्यात 'स्केलेटन कोस्ट' लागतो. वहिनी चहा घेऊन आल्या आणि त्यांनी सहज त्या नावाचा अर्थ विचारला. मी आणि गावडेने खाली बघितलं. शिरीष आयटीतला, विचारलं की उत्तर देऊन मोकळा.

"सांगाड्यांचा किनारा, मामी."

वहिनींनी कपांचा ट्रे तसाच परत उचलला. "नाव बदला, मग चहा मिळंल!"

त्या दिवसापासून आम्ही त्याला 'वहिनींचा किनारा' म्हणतो. चहा मिळाला, पण तो आणून देताना त्यांचे डोळे भरलेले होते.

*

कंपनीत नवा पार्ट सुरू करण्याआधी आम्ही बसतो आणि विचार करतो, काय काय बिघडू शकतं, आणि ते बघायची जबाबदारी कुणाची. नामिबियाचंही तसंच केलं. शेडच्या शटरवर खडूने रकाने आखले. टायर माझ्याकडे, रेडिएटर गावडेकडे, कागदपत्रं शिरीषकडे.

"आता लिहा," नाना म्हणाले, "नाना बंद पडला तर!"

खडू माझ्या हातात होता. मी ते वाक्य लिहिलं नाही, पण त्याच्या जागेसमोर जबाबदारीच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. गावडेने खडू घेऊन खाली स्वतःचं लिहिलं. मग शिरीषने.

नानांनी तिन्ही नावं वाचली. "ऑडिटला चालत न्हाई राव हे! एका कामाला तीन नावं म्हंजी कुणाचंच न्हाई!"

पण पुसलं नाही त्यांनी.

*

शिरीषने नामिबियाच्या नकाशावर डायलिसिसची हॉस्पिटलं शोधली. आमचा रस्ता आणि ती हॉस्पिटलं यांची गाठच पडेना. डॉक्टरही स्पष्ट म्हणाले, किडनी मिळेपर्यंत नाही. ती कधी मिळेल, हे कुणी सांगेना.

आम्ही तिघांनी ठरवून टाकलं आणि मी नानांना सांगितलं, "आम्ही थांबतो. तुम्ही बरे झालात की सगळे मिळून जाऊ."

मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. नाना उठले, जीपवर ताडपत्री टाकली आणि म्हणाले, "च्या पिऊन जावा."

त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी आमचे फोन उचलले नाहीत. मला रागही आला आणि भीतीही वाटली.

*

मग एका सकाळी त्यांचाच फोन. "वाळूत गाडी चालवाय शिकवतो. समदे या."

चाकणच्या पुढे त्यांच्या मेव्हण्याचा खडी क्रशर आहे. तिथे दगड भरडून केलेली बारीक वाळू, क्रशसँड, लांबवर पसरली होती. नानांनी टायरमधली हवा कमी करायला लावली आणि मला स्टिअरिंगवर बसवलं. मध्यावर चाकं रुतली.

"समदे खाली! वजन कमी करा!" म्हणत नानाही उतरायला लागले.

"मामा, तुम्ही बसा ना," शिरीष म्हणाला.

"का? मला वजनात धरत न्हाई व्हय?"

डायलिसिसच्या सुया टोचतात तो हात छातीशी धरून त्यांनी गावडे आणि शिरीषच्या जोडीने जीपला मागून पाठ लावली. जीप हिसका देऊन सुटली. मागून नाना ओरडले, "आता कडक जमीन येईस्तोवर थांबायचं न्हाई!"

गावडे आणि शिरीष धावत येऊन चढले. आरशात नाना दिसत होते, एकटेच, एक हात कमरेवर ठेवून सावकाश चालत येणारे. दुसऱ्या हाताने 'जा, जा' करत होते. माझा पाय ब्रेकवर गेला. जीप पुन्हा रुतली, पहिल्यापेक्षा खोल.

नाना आले, धापा टाकत बॉनेटला टेकले.

"तुम्ही मागे राहिला होतात, नाना..."

"म्हणून थांबलास. थांबलास म्हणून रुतलास."

चौघांनी हातांनी चाकांखालची वाळू काढली. जीप मागे घेऊन पुन्हा कडेला आणली. मी स्टिअरिंगवर बसलो. गावडे आणि शिरीष मागे बसले. नाना चढले नाहीत. ट्रक सोडताना थोपटतात तसं त्यांनी माझ्या दारावर थोपटलं.

"चल. या टायमाला आरशात बघायचं न्हाई."