समाहच्या वर्गाची ओशमधली दुभाषी

किर्गिझस्तानातल्या ओश शहराच्या विद्यापीठात बुरुलचा अरबी शिकायला लागली ती नोकरीच्या आशेने. पण गाझातल्या समाह नावाच्या शिक्षिकेचे व्हिडिओ तिच्या पाहण्यात आले आणि तिचा जीव त्यातच गुंतला. समाह तंबूत शाळा भरवायची, पुठ्ठ्यावर कोळशाने लिहायची. बुरुलचाने तिला विचारून त्या व्हिडिओंवर आपल्या आवाजात किर्गीझ भाषांतर चढवलं आणि ते इंटरनेटवरच्या आपल्या पानावर टाकायला सुरुवात केली.

वडील कुबात घोड्यांचे व्यापारी. एकदा चहा पिताना म्हणाले, "तुझ्या फोनवर बोटं फिरवण्याने तिकडचे बॉम्ब थांबणारेत का?"

"नाही थांबणार, बाबा."

"मग?"

"ती बाई एवढं बोलते, कुणीतरी ऐकायला नको?"

"ऐक बाई. पण आधी नान आण, चहा निवतोय."

वसंतात एका सकाळी तिचं पान अचानक बंद करण्यात आलं. का, ते धड कुणी सांगेना. वर्षभराचं काम गेलं. तिने रडत समाहला निरोप धाडला, "तुमची मुलं माझ्या हातून हरवली."

दुपारी डोंगरातल्या नारिन गावच्या एका नर्सने तिचा जुना व्हिडिओ आपल्या पानावर टाकला. मग ओशशेजारच्या जलालाबादच्या कॉलेजातल्या मुलींनी, तलासच्या एका ट्रक ड्रायव्हरने. सगळ्यांनी तिचे व्हिडिओ फोनमध्ये जपून ठेवले होते. बुरुलचा यातल्या कुणालाच ओळखत नव्हती. एकेकाला ती आभाराचं लिहीत बसली.

तेवढ्यात मैत्रीण आयपेरी म्हणाली, "आणि हे कोण, बघ जरा."

कुबातच्या पानावर विकाऊ घोड्यांच्या फोटोंमध्ये समाहचा वर्ग बसला होता. वर लिहिलं होतं, 'आवाज माझ्या मुलीचा आहे.' खाली एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं, 'करड्या घोडीचं काय ठरलं?' त्याला कुबातचं उत्तर होतं, 'आधी हे ऐक, मग घोडीचं बोलू.'

घरी येऊन तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला हे जमलं कसं?"

"शेजाऱ्याकडून शिकलो. तुला विचारलं असतं तर हसली असतीस."

ती हसली नाही. त्यांच्या खांद्याला डोकं टेकून बसून राहिली.

समाहचा निरोप बऱ्याच दिवसांनी आला, व्हिडिओतून. मागे मुलं मोडक्यातोडक्या किर्गीझमध्ये आभार मानत होती. समाह म्हणत होती, "हरवली कुठे गं? तू कळवलेली तुमची गावं आज आम्ही नकाशावर शोधली. नारिन काही सापडेना, तेव्हा पोरांनीच ते नकाशावर रेखाटलं."

बुरुलचाने नवं पान उघडलं. आता त्यावर नारिनच्या नर्सचाही आवाज असतो, आणि आयपेरी उझबेकमध्ये सांगते. लढाई आपल्यामुळे थांबली नाही, हे बुरुलचा लपवत नाही. पण पान बंद पडलं त्या दिवशी धावून आलेल्यांची नावं विचारा, ती एका दमात सांगते, आणि पहिलं नाव वडिलांचं घेते.