तीन मिस कॉल

मला फोन वाजलेला आवडत नाही. साकीनाक्याच्या वर्कशॉपवाल्यांसाठी मी मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज करते, मुलुंडच्या घरी बसून. दर दहा मिनिटांनी 'मॅडम, झालं का?' विचारल्याशिवाय त्या लोकांना अन्न पचत नाही. मागच्या वर्षी वैतागून मी इंटरनेटवर चालणारी एक फोनसेवा घेतली, महिनाभर वापरून बघायला. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा माझ्या नंबरावर आलेला कॉल परस्पर तिकडे वळायचा. समोरच्याला एक-दोन रिंगनंतर माझा आवाज ऐकू यायचा आणि त्याचा निरोप रेकॉर्ड व्हायचा. माझा फोन मात्र मुकाट पडून.

'मी सध्या कामात आहे. निरोप ठेवा, नंतर फोन करते.' एवढं रेकॉर्ड करायला मला चार खेपा लागल्या. पण आठवडाभरात मी त्या शांततेवर भाळलेच. चहाच्या वेळी निरोपांची यादी उघडायची, कामाचे तेवढे ऐकायचे, अनोळखी आणि रिकामे भराभर पुसायचे. यादीत नुसते नंबर दिसायचे, नावं नाहीत. नावं घालायचं काम मी उद्यावर ढकललं होतं.

आईबाबा बोरीवलीला राहायचे. आमच्या घराची मिस कॉलची भाषा होती, मी कॉलेजात असल्यापासूनची. एक मिस कॉल म्हणजे पोचले. दोन म्हणजे सवडीने फोन कर. तीन म्हणजे हातातलं टाकून ये. पलीकडून चुकून उचलला गेला, तर एक अक्षर न बोलता कट करायचा. इतक्या वर्षांत तीन कधी आले नव्हते. आई फोन करायची तो रात्री जेवणं झाल्यावर, म्हणून नव्या सेवेबद्दल तिला सांगावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या दिवशी चार वाजता मी यादी उघडली. घाईत होते. खालचे सगळे नंबर एकदम निवडले आणि पुसले. सहा वाजता सेवा त्या दिवसापुरती थांबली आणि लगेच फोन वाजला. आईबाबांच्या खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या. सहज वर गेल्या, तर बाबा खुर्चीत कलंडलेले आणि आई त्यांचा हात धरून बसलेली. काकूंनीच ॲम्ब्युलन्स बोलावली होती.

"एवढा उशीर का केलात?" हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं. आईने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. "हिला कळवलं होतं," ती म्हणाली. मग मला बाजूला घेऊन, "तीन दिलंय गो. तिन्ही वेळा तू उचललंस, म्हणान कट केलंय. कामात आसंय म्हणालंस, पण तीन दिल्यार तू येतलंस, म्हणान कोणाक हाक मारूक नाय."

मी तिला काय सांगणार? की तो मी नव्हते, नुसता माझा आवाज होता? दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिला ते नीट कळलं की नाही, मला माहीत नाही. "तुझो आवाज ऐकलंय, तेव्हा बरा वाटला," एवढंच म्हणाली. तिने दोष दिला असता तर मला तोंड वर करून भांडता तरी आलं असतं.

बाबांची उजवी बाजू गेली आणि वाचाही. अकरा महिने ते आमच्याकडे बघत राहिले. एकही शब्द न बोलता गेले.

ती सेवा मी बाबांना हॉस्पिटलात नेलं त्याच आठवड्यात बंद करायला बसले होते. तेव्हा दिसलं की पुसलेले निरोप काही दिवस बाजूला ठेवलेले असतात. आईच्या नंबरावरून तीन होते. पहिले दोन रिकामे. तिसऱ्या वेळी तिचं कट करायचं बटण नीट दाबलं गेलं नव्हतं. भांडं ठेवल्याचा आवाज, मग बाबांचा, जड जिभेने.

"इली काय गो ती?"

"येता हां. आत्ताच तिचो आवाज ऐकलंय."

मग बाबा म्हणाले, "मगे दार उघडा ठेव."