ग्वेंदोची बायकी बोली

लास हुंतासच्या चौकात, न्हाव्याच्या खुर्चीत अंग टाकता टाकता कोपरापर्यंत ग्रीस माखलेला एक धिप्पाड, पिकल्या मिशांचा बाप्या "आई गं, दमले बाई मी आज!" म्हणाला, तर गावातलं कुणी मान वर करून बघत नाही. न्हावी फडकं झटकतो आणि विचारतो, "आज कुणाचा पंप बसला?" नवखा मीठवाला किंवा गुरांचा दलाल शेजारी असला, तर तो तेवढा फिसकन हसतो. मग न्हावी त्याची दाढी जरा ओढून करतो.

त्याचं खरं नाव वेंडेल. गावाच्या जिभेला ते पेललं नाही, म्हणून ग्वेंदो. नेब्रास्काहून बोअर पाडायच्या गाडीबरोबर आला. तेव्हा त्याला स्पॅनिशचे तीनच शब्द येत होते: पाणी, पाइप आणि उद्या. तिसऱ्याच बोअरला पाइप निसटून त्याच्या नडगीवर पडला, आणि गाडी पुढच्या गावी गेली तरी हा क्रेसेन्सियाबाईच्या घरी खाटेवर पडून राहिला. खाट स्वयंपाकघरात टाकली होती, कारण ऊब तिथंच होती. त्या घरात तेव्हा एकही पुरुष नव्हता. क्रेसेन्सियाचा नवरा टायफॉइडनं गेलेला, आणि कोंबडा आदल्याच रविवारी कापलेला. उरली होती ती म्हातारी आणि तिच्या तीन पोरी, लिब्राडा, चोले आणि ओतिलिया.

पाट्यावर मका वाटता वाटता चौघी बोलायच्या आणि ते सगळं याच्या कानात पडायचं. इंग्रजी बोलणाऱ्याला याची सवयच नाही. त्यांच्यात दगड, टेबल, चंद्र सगळे बिनलिंगाचे. 'मी दमलो' आणि 'मी दमले' हे त्यांच्यात एकच, आणि 'आम्ही' म्हणणाऱ्यांत बायका किती नि बाप्ये किती हे कुणी विचारत नाही. इथं चौघी म्हणायच्या, "आमी साऱ्याजणी जेवलो न्हाई अजून." हाही जेवला नव्हता. त्यानं आपल्याला त्यात धरलं.

क्रेसेन्सिया पदरात तोंड खुपसून हसली, पण सुधारलं कुणीच नाही. ओतिलियानं तर मुद्दामच नाही. पुढं त्यांचं लग्न झालं, शाळामास्तरानं ग्वेंदोला एकदा बाजूला घेऊन नीट समजावलं, आणि तो घरी येऊन छाती फुगवून "मी आलो" म्हणाला, तेव्हा ओतिलिया पोळी उलटता उलटता म्हणाली, "बाप्यावाणी बोलाय लागलास, तर बाप्यावाणी वागाय बी लागशील. ऱ्हाऊ दे." राहिलं.

मालकीचं तर त्यानं आपलंच शास्त्र काढलं होतं. 'तिचा', 'तिची', 'तिचं' हे वस्तू बघून ठरतं, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. त्याच्या मायबोलीत मालक कोण ते बघतात. मालकीण ओतिलिया, म्हणजे सगळं 'तिची'. तिची घर, तिची पातेलं, तिची बैल. एकदा चोलेनं त्याला डिवचलं, "आणि तू रं, कुणाचा?" तो म्हणाला, "मी? मी पण तिचीच."

ओतिलिया वारली तेव्हा त्यांची लेक मीरेया दुधाचे दात पाडत होती. ग्वेंदोचा भाऊ नेब्रास्काहून त्याला न्यायला आला. ग्वेंदो त्याला ओट्यावर बसवून अर्धं इंग्रजीत, अर्धं आपल्या बोलीत म्हणाला, आम्ही साऱ्याजणी इथंच बऱ्या आहोत. भाऊ एकटाच परत गेला.

आता मीरेया दवाखान्यात मलमपट्टीला होती आणि वरच्या वाडीच्या एफ्राइनशी तिचं जमलं होतं. एफ्राइन सालस पोरगा. त्याचा बाप दॉन ओनेसिमो मात्र गुरांचा मोठा धनी, आणि शब्द असे मोजून टाकणारा की वासरांनासुद्धा नावं दिली नव्हती. तो मागणी घालायला येणार होता. मागणीला पोरीच्या बापानं दारात उभं राहून पाहुण्यांना या म्हणायचं, त्यांच्या पावाच्या आणि चॉकलेटच्या टोपल्या घ्यायच्या, सगळ्यांनी एका भांड्यातले मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाल खायचे, आणि मगच बापानं होकार द्यायचा. खाल्ल्याशिवाय होकार नाही. तो दिला तरी तिथं कुणी धरत नाही.

आठवडाभर आधी मीरेया पंपाच्या खोलीत आली. वायसर कापत बसलेल्या बापापुढं उभी राहून ओढणीचं टोक पिळत राहिली.

"पापा, एक सांगू? रागावू नका."

"मी कधी रागावले?"

"तेच. हे 'रागावले'. त्या दिवशी एवढा एक दिवस... पुरुषासारखं बोला ना. एफ्राइनचे काका येणार, त्यांचे गडी येणार. मागं जत्रेत ते तुमची नक्कल करत होते. एफ्राइननं एकाला मारलं. मागणीच्या दिवशी हसले कुणी, तर त्याचे वडील टोपल्या उचलून परत जातील. ते तसेच आहेत."

ग्वेंदोनं वायसर डोळ्यासमोर धरून भोकातून लेकीकडं पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाला. 'बरं'ला कुठलंच लिंग नव्हतं, म्हणून ते सोपं गेलं.

मग तो पंपासमोर सराव करू लागला. "मी आलो. मी बसलो. मला आनंद झाला, आम्ही सगळे राजी आहोत." पंप ठकठक करी. एकदा 'राजी आहोत' म्हणताना इंजिन बंदच पडलं, आणि ते सुरू करताना तो नेहमीसारखा "मेले गं बाई!" म्हणाला आणि जीभ चावली.

मागणीच्या दिवशी बायका पहाटेपासून लागल्या होत्या. चरबी हातानं फेटून फेटून मक्याच्या पिठात मिसळली. चिमूटभर पीठ पाण्यात टाकलं तर ते तरंगलं, म्हणजे हलकं झालं. मिरचीचं सारण भरून, कणसाच्या पानांत पुड्या बांधून मोठ्या हंड्यात उभ्या रचल्या. तळाच्या पाण्यात क्रेसेन्सियानं नाणं टाकलं. ते खुळखुळतंय तोवर पाणी आहे, आवाज थांबला की ओतायचं. झाकण ठेवून हंडा चुलीवर चढवला तोच ग्वेंदो सरपणाचा भारा घेऊन दारात आला.

"ममा, मी लाकडं घेऊन आलो."

तिघींचे हात थांबले.

"काय म्हणालास?" लिब्राडानं विचारलं.

"लाकडं घेऊन आलो. आणखी काही हवं असेल तर मी बाहेर बसलो आहे."

तो गेला. चोले कुजबुजली, "अगं, याला झालं काय?"

"रागावलाय," क्रेसेन्सिया म्हणाली.

"कशापायी?"

"मला काय ठावं? एवढ्या सालांत मला कधी असं परक्यावाणी बोलला न्हाई. काल तू त्याची कॉफी उकळून कडू केलीस, तीच असंल."

चोले लगेच नवी कॉफी घेऊन धावली. ग्वेंदोनं कप घेतला आणि अदबीनं म्हणाला, "आभारी झालो." चोले परत आली ती ओठ पांढरे करून. "लई रागावलाय."

मीरेया आपल्या खोलीत केस विंचरत होती. तिला यातलं काहीच ऐकू गेलं नाही.

पाहुणे आले. ओनेसिमो टोपी न काढता घोड्यावरून उतरला. मागं त्याची बायको तोमासा, एफ्राइन, दोन काका आणि गडी. गडी आधीच एकमेकांना कोपरखळ्या मारत होते. पण ग्वेंदो इस्त्रीच्या सदऱ्यात ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "या. मी तुमची वाटच बघत होतो. तुम्ही आलात, मी धन्य झालो." एकही शब्द इकडचा तिकडं झाला नाही. गड्यांचे चेहरे पडले, गोड खायला म्हणून तोंड उघडावं आणि ताट उचललं जावं तसे. ओनेसिमोनं मान हलवली. मीरेयानं दारामागून श्वास सोडला.

टोपल्या घेतल्या. बसायला बाकं मांडली. पाऊसपाण्याचं झालं, गुरांचं झालं. वास काही सुटेना. मग क्रेसेन्सिया हात पुसत अंगणात आली.

"तामाल शिजंनात."

"जाळ कमी असेल," एक काका म्हणाला.

म्हातारीनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं बूट बघायला सुरुवात केली. "जाळ रगड हाय. पानी हाय, नाणं वाजतंय. पीठ पान्यात तरंगलं हुतं. वरचा काढून बगितला तर आत पांढराफटक, आर्धा पिकला, आर्धा कच्चा. या अंगणात कुनाच्या तरी पोटात राग हाय. तो भायेर येईस्तवर हंडा शिजायचा न्हाई."

हे तिथं कुणाला पटवून द्यावं लागत नाही. हंड्याजवळ राग आला की तामाल रुसतात. रागावलेल्यानं पुढं यावं, हंड्याच्या कानांना कणसाच्या पानाच्या फिती बांधाव्या, हंड्यापुढं नाचावं, की त्यांचा रुसवा जातो. ओनेसिमोसुद्धा यावर काही बोलला नाही. त्याच्या स्वतःच्या लग्नात त्याची सासू नाचली होती.

लिब्राडानं बोट दाखवलं. "ह्यो! सकाळधरनं रागावलाय!"

"मी रागावलो नाही," ग्वेंदो म्हणाला.

"बगा! बगा कसा बोलतोय!"

"मी अगदी शांत बसलो आहे."

"आई गं," चोलेला रडू फुटलं, "आता तर तो आमचा राहिलाच न्हाई. एका कॉफीपायी!"

मीरेया बाहेर आली. अर्धी वेणी सुटलेली. "मावशी, कॉफीचं काही नाही. मीच पापांना सांगितलं. आजच्या दिवस पुरुषासारखं बोला म्हणून. लोक हसतील म्हणून." मग बापाकडं वळली. "रागावलात का हो माझ्यावर? खरंच?"

ग्वेंदोची अडचण तिथं बसलेल्या प्रत्येकाला दिसत होती. 'नाही' म्हणाला तर तामाल कच्चे राहणार, कच्चे राहिले तर होकार नाही. 'हो' म्हणाला तर पोरीच्या सोयऱ्यांदेखत तिची मान खाली जाणार.

"हो," तो शेवटी म्हणाला. "रागावले. लई रागावले, बाई."

एका गड्याच्या नाकातून हसू निसटलं. एफ्राइन उठला, पण ग्वेंदोनं हातानंच त्याला बसवलं.

"हसू दे. मी चुकीचं बोलते ते मला माहीत आहे, खुळी नाही मी. शाळामास्तरानं सांगितलं, न्हाव्यानं सांगितलं. पण ही बोली तुझ्या आईच्या तोंडची आहे, मीरेया. तिचा आवाज आता मला नीट आठवत नाही. मी बोलते तेव्हा थोडा ऐकू येतो. तो एक दिवस गप्प कर म्हणालीस. केला. पण राग आला."

मीरेया पुढं झाली. तिनं चुलीजवळच्या ढिगातलं कणसाचं पान उचललं, उभं फाडून फीत केली आणि बापाच्या हातात दिली. ग्वेंदोनं ती हंड्याच्या कानाला बांधली. मग चोलेचा एप्रन कमरेला गुंडाळून, मोडून जुळलेला पाय जरा ओढत तो हंड्यापुढं नाचू लागला. क्रेसेन्सिया टाळ्या वाजवू लागली. "हल की रं! माश्या हाकतोयस का नाचतोयस?"

बराच वेळ नाचून झालं. क्रेसेन्सियानं झाकण उचलून एक तामाल दाबून बघितला. "आर्धा राग अजून हाय."

"माझा संपला, ममा! देवाशपथ संपली!"

तेव्हा तोमासानं नवऱ्याला ढुसणी दिली. "उठा."

"गप," ओनेसिमो म्हणाला.

"गप काय? वाटभर घोड्याला चाबूक कोन मारत हुतं? मला 'पानी दे' सुदिक म्हनाला न्हाईत." ती सगळ्यांकडं वळली. "पोरगा लगीन झाल्यावर इथंच ऱ्हानार म्हनतोय. पंपाचं काम शिकनार. एकुलता एक हाय. म्हनून ह्यांचं पोट उकळतंय."

ओनेसिमो लालबुंद झाला. गडी जमिनीकडं बघू लागले. हंडा नुसताच वाफाळत होता. सगळे भुकेले होते, आणि दुपार कलत होती. ओनेसिमोनं टोपी काढली, बाकावर ठेवली आणि उठला. फीत त्याला बांधता येईना. वासरू बांधायची गाठ मारली. मग नाल ठोकलेल्या बुटांनी डावीकडं दोनदा, उजवीकडं दोनदा, असा तो नाचला. तोंड सुतक्याचं आणि पाय लग्नातले. कुणी हसलं नाही. तोमासाच तेवढी हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"पोरगं कुठं पळून चाललंय का?" ग्वेंदो त्याच्या शेजारी नाचता नाचता धापा टाकत म्हणाला. "गुरांच्या गुरांना डाग द्यायच्या वेळी आम्ही साऱ्याजणी वर येऊ की. म्हातारी पण. तुमची वाडी भरून जाईल."

"म्हातारी बी?" ओनेसिमो पहिल्यांदाच घाबरलेला दिसला.

"मी तर येनारच," क्रेसेन्सिया म्हणाली. "तुमच्यात वासरांना नावं बी देत न्हाईत म्हनं."

ओनेसिमो थांबला. दम खाल्ला. "सुट्टीला पोरांना वर धाडायचं," तो म्हणाला. "सगळ्या सुट्टीला. तर माझा राग गेला."

"अजून लगीन न्हाई, अन् पोरं मागतोय!" लिब्राडा ओरडली. पण तेवढ्यात वास सुटला. मक्याचा, चरबीचा, मिरचीचा, भरभरून. क्रेसेन्सियानं झाकण काढलं, एक पुडी सोडली. पान आपसूक सुटून आलं. शिजला होता.

पहिला तामाल पाहुण्यांतल्या वडीलधाऱ्याचा. तशी रीतच आहे. ओनेसिमोनं बाकावर बसून, टोपी मांडीवर घेऊन हात पुढं केला. मीरेया बशी घेऊन आली, त्याच्या समोरून पुढं गेली, आणि बापाच्या हातात ठेवली. सगळ्यांच्या देखत, गड्यांच्याही.

"आधी तुम्ही खा, पापा," ती म्हणाली. "सकाळपासनं दमल्या असाल."

ग्वेंदोनं पानातला घास तोडला. जीभ पोळली, तरी गिळला. मग ओनेसिमोकडं बघून तोंड भरलेलंच ठेवून मान हलवली. तो होकार होता, आणि सगळ्यांनी तो धरला. ओनेसिमोचा हात अजून तसाच पुढं होता.

"आता मला कुणी देनार हाय का?" तो म्हणाला.